थर्माकोलचं विमान केडगावकडे निघालं

केडगाव, अहिल्यानगर
(हात अजून सवयीने 'अहमदनगर' लिहायला जातो आणि मग खोडावं लागतं. खाडाखोड दिसली तर बहीण म्हातारी झाली असं समजू नकोस.)
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. दादास,

विजूचा वाकून नमस्कार. वहिनींना मात्र उभ्यानेच, कारण मी वाकले की त्याही आशीर्वाद द्यायला वाकतात आणि मग त्यांच्या गुडघ्याचं खापर माझ्यावर फुटतं. तुझी शुगर, वहिनींचा गुडघा आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. हे वाक्य लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले, कारण आपण खरोखर खुशाल आहोत की नाही हेच मला परवापासून कळेनासं झालं आहे. पण पत्रात तसं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं आहे, तू तसंच वाच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू वहिनींना नक्की विचारशील. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू तुझी दोन सांगतोस, आणि माझं राहून जातं. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं (हे फोन कानाला लावत नाहीत, समोर धरून सभेत बोलल्यासारखे बोलतात, आणि आता ती सवय मलाही लागली आहे). हे पत्र राजसच्या नकळत लिहिते आहे, म्हणून ते कागदावरच बरं.

विषय तुला माहीत आहेच. तू तुझ्या मित्राच्या बडोद्याच्या कंपनीत राजससाठी जागा बघितलीस, ते पहिल्या दिवसापासून तुझे उपकार आहेत. दिवाळीच्या आत हो की नाही ते सांगायचं आहे. मी आधीच सांगून टाकते, मला त्याने जायला नको आहे. कारण विचारू नकोस. एकुलता एक आहे, इथे त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, बडोद्याला वरणात साखर घालतात, यातलं जे पटेल ते धर. आणि राजसला काय हवं आहे म्हणशील, तर तो सांगत नाही. विचारलं की 'बघू' म्हणतो आणि विमानाच्या पंखाला डिंक लावत बसतो.

त्याचा व्यवसाय नक्की काय आहे हे मागच्या वेळी सांगायचं राहिलं, कारण तेव्हा मलाही ते नीट समजलं नव्हतं. तू लग्नात बघितलं असशील ते चार पंख्यांचं ड्रोन वेगळं. ते डोक्यावर येऊन माशीसारखं एका जागी थांबतं आणि जेवणाऱ्यांचे फोटो काढतं. राजसचं ते नव्हे. राजसचं खरोखरीच्या विमानासारखं, दोन लांब पंखांचं, थर्माकोलसारख्या पण त्याहून चिवट कशाचं तरी बनवलेलं, पोटात कॅमेरा असलेलं. त्याने ते स्वतः जुळवलं आहे. ते हाताने वाऱ्याच्या तोंडाला भिरकावून सोडायचं, मग ते वर जातं आणि मैलोन्‌मैल जमिनीचे फोटो काढत जातं, आणि त्या फोटोंचा एकमेकांना जोडून नकाशा होतो. डोंगर, बंधारे, चर, पाझर तलाव, सगळं वरून दिसतं. फक्त एक गोष्ट त्याला जमत नाही. ते थांबत नाही. थांबलं की पडतं. राजसने पहिल्या दिवशी मला हेच वाक्य सांगितलं, आणि मी मान डोलावली, पण त्याचा अर्थ मला पहिल्या बाभळीत कळला.

मी मध्ये कुठून आले? तर या कामाला दोन माणसं लागतात. एकाने उडवायचं, दुसऱ्याने पुढे जाऊन जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारायच्या (नकाशा जुळवायला त्या लागतात), लोकांना आणि शेळ्यांना बाजूला करायचं. राजसचा भागीदार पार्थ, चांगला मुलगा, पण त्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांना आकाशात उडणारा जावई नको होता, म्हणून तो सुप्याच्या कारखान्यात लागला. राजस एकटा पडला. एकट्याने होत नाही, म्हणून कामं परत जायला लागली, आणि नेमका तेव्हाच तुझा बडोद्याचा फोन आला. मी त्या रात्री ताट वाढता वाढता म्हणून गेले, की मी शिकते की. ह्यांना ठसका लागला. राजस हसला नाही. त्याने मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, 'आई, खरंच शिकशील?' झालं. आता माघार कुठली घेणार?

दादा, मी जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर चारी दिशा काढून पोरांना पाठ करून घेतल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलाला उत्तर दिशा कुठली ते विचार, तो झोपेत सांगेल. आणि मला या वयात कळलं की मला डावं-उजवं येत नाही. म्हणजे येतं, पण विमान माझ्यापासून लांब जात असेल तोवरच. ते वळून माझ्याकडे तोंड करून यायला लागलं, की त्याचं उजवं ते माझं डावं होतं. मी रिमोटवरची काठी उजवीकडे दिली की ते माझ्या डावीकडे जातं, मग मी घाबरून आणखी उजवीकडे देते, ते आणखी डावीकडे जातं. आधी महिनाभर मी हे संगणकाच्या पडद्यावर खेळले. रोज दुपारी हे आरामखुर्चीत पेपर वाचायचे आणि मी समोर विमानं पाडायचे. ह्यांनी युक्ती सुचवली की विमान आपल्याकडे येताना आपण त्याच्याकडे पाठ करावी आणि मान मागे वळवून बघावं, म्हणजे डावं ते डावंच राहतं. युक्ती बरोबर आहे. पण त्या युक्तीने मानेची शीर आखडली आणि पुढचे काही दिवस मी घरात सरळच चालत होते, वळायचं असेल तर पूर्ण वळायचे, एसटीसारखी.

शेवटी राजसने सोपं करून सांगितलं. विमान तुझ्याकडे येत असताना ज्या बाजूचा पंख खाली कलतोय त्या बाजूला काठी दे, कलत्या मांडवाला टेकू द्यावा तशी. हे मला लगेच जमलं. मांडव कळतो मला.

सराव करायला आम्ही गावाबाहेर लांब एका माळावर जायचो. नगरजवळ लष्कराचा भाग असल्यामुळे तिथे असलं काही आकाशात सोडायचं नाही, हे राजसने मला इतक्यांदा बजावलंय की मी गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा जपून झटकते. पहिल्या खेपेला विमान वेड्या बाभळीत गेलं. दुसऱ्या खेपेलाही गेलं, त्याच बाभळीत, माळावर दुसरं झाड नसताना. तिथला एक मेंढपाळ रोज घोंगडी टाकून बघत बसायचा. तो म्हणाला, 'बाई, त्या बाभळीवर काय हाय ते तरी सांगा, सारखं तिकडंच चाललंय.' पण हळूहळू जमायला लागलं, हेही खरं. वर जातं, फिरतं, पोटावर घसरत गवतात उतरतं. आणि गोंधळ उडाला तर काय करायचं हे राजसने पाठ करून घेतलं होतं. रिमोटवर एक बटण आहे, त्याचं नावच 'घरी परत'. काही सुचेनासं झालं की ते दाबायचं आणि हात काढून घ्यायचा. विमान आपोआप निघालेल्या ठिकाणी परत येतं आणि डोक्यावर घिरट्या घालत बसतं, मग शांतपणे उतरवायचं. मी म्हटलं, असं बटण माणसांना हवं होतं.

आता दसरा. पाथर्डीच्या बाजूच्या एका गावाचं काम आलं होतं. तिथल्या लोकांनी उन्हाळ्यात आपल्या हाताने डोंगराला गोल चर खोदले होते. यंदा पाऊस चांगला झाला आणि चर भरले. ज्यांनी खोदले त्यांनी ते कधी सगळे मिळून पाहिलेच नव्हते, कारण प्रत्येकाला आपल्यापुढचा तुकडा तेवढा दिसलेला. त्यांना सगळ्या डोंगराचा एक मोठा फोटो हवा होता, शाळेत लावायला, आणि त्यात चराच्या कडेला सगळं गाव उभं. पण दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. तेव्हा दसऱ्याचा एकच दिवस. राजसने ठरवलं, की या वेळी विमान आईने एकटीने उडवायचं आणि त्याने डोंगरावर लोकांत राहायचं. हे जमलं तर पुढची दोन मोठी कामं घ्यायची. नाही जमलं तर काय, हे त्याने सांगितलं नाही. पण मला ते ऐकू आलं. बडोदा.

राजस आदल्या दिवशीच चुन्याची पोती घेऊन पुढे गेला. विमान घरी राहिलं, आणि विमानाबरोबर तुझे मेहुणे राहिले.

तुला ह्यांचं पंचांग माहीत आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तर गिरणीत दळण टाकायलाही राहुकाळ बघतात. खंडेनवमीला त्यांनी विमानाला पाटावर बसवलं. माझे भूगोलाचे नकाशे, त्यांची मोजपट्टी, घरातली विळी, कात्री, आणि मधोमध विमान. राजस फोनवर म्हणाला, 'आई, आज एकदा सगळं तपासून ठेव.' हे म्हणाले, 'पूजेला बसलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही.' तपासणं राहिलं. दसऱ्याला सकाळी विजय मुहूर्त नाही, पण ह्यांनी दुसरा कुठलातरी चांगला शोधून काढला होता. त्या मुहूर्तावर गच्चीवर, पूर्वेकडे तोंड करून, विमानाला हळदकुंकू, अक्षता, झेंडूची छोटी माळ (लिंबू-मिरची मी बांधू दिली नाही, वजन वाढतं). पंखावर कुंकवाचं स्वस्तिक. कॅमेऱ्यालाही बोटभर कुंकू, कारण मुख्य काम तर त्याचंच. आणि मग हे म्हणाले, 'सुरुवात मुहूर्तावर व्हायला हवी. बॅटरी जोड.'

मी जोडली. दादा, इथे जे घडलं ते नीट वाच, कारण मला ते तीन दिवस कुणी ना कुणी समजावून सांगतंय. दिवे लुकलुकले, टीं-टीं वाजलं, हिरवा दिवा लागला. मी काढायला लागले तर ह्यांनी माझा हात धरला. मुहूर्तावर सुरू केलेलं काम पूर्ण होईपर्यंत मध्ये बंद करायचं नाही, समईसारखं. मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं, की गरम होऊन राहील. मग हे गाडी चालवायला बसले, मी मागच्या सीटवर विमान मांडीवर घेऊन बसले आणि केडगावपासून करंजीचा घाट उतरून पाथर्डीपर्यंत ते माझ्या मांडीवर टीं-टीं करत आलं. मी त्याला मधूनमधून थोपटत होते. का, ते मला विचारू नकोस.

गावात पोचलो तेव्हा राजस लांब डोंगरावर फुल्या मारत होता. त्याने फोनवर विचारलं, 'बॅटरी जोडलीस?' जोडली. 'हिरवा दिवा?' हिरवा. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, हे लक्षात ठेव.

गाव लग्नाला निघाल्यासारखं नटून आलं होतं. त्यांचे मुकादम सूर्यभान, पांढरं धोतर, खिशात दोन मोबाईल, सगळ्यांना चराच्या कडेने उभं करत होते. मी कॅमेऱ्याचं कुंकू पदराने पुसलं (पुसलं म्हणजे पसरलं), देवाचं नाव घेतलं आणि विमान भिरकावलं. ते गेलं की वर! मी पहिल्यांदाच एकटी. एक फेरी झाली, दुसरी झाली. पण लोकांची समजूत होती की हे लग्नातल्यासारखं डोक्यावर थांबणार. रंगुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई नवं लुगडं नेसून हात जोडून उभ्या होत्या. विमान त्यांच्या डोक्यावरून सर्रकन गेलं, तशा त्या ओरडल्या, 'आरं, थांब की! आमी अजून हसलो न्हाई!' आणि त्याच्या मागे पळाल्या. त्या पळाल्या म्हणून बाकीचे पळाले. विमान वळलं की गाव वळायचं. सूर्यभान 'जागेवर ऱ्हावा! जागेवर!' म्हणून ओरडत स्वतःच पळत होते. एवढी माणसं डोंगरावर इकडून तिकडे धावताना पाहून माझी नजर विमानावरून सुटली. पुन्हा वर बघितलं तर आकाशात एक काळी रेघ. ती येतेय की जातेय? डावा पंख कुठला? मांडव कुठल्या बाजूला कलतोय? काही म्हणजे काही कळेना. तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे केलं. 'घरी परत' दाबलं आणि हात काढून घेतला.

विमान शहाण्यासारखं वळलं, सरळ झालं, आणि पश्चिमेला निघालं. मी वाट बघत राहिले. ते लहान होत गेलं. मला वाटलं, लांबचा वळसा घेतंय. त्याने ऐकलं नसेल म्हणून मी पुन्हा दाबलं, मग पुन्हा, दाराची बेल दाबावी तसं. डोंगरावरून राजस हातवारे करत धावत येताना दिसला. काहीतरी चुकलंय हे मला त्याच्या धावण्यावरून कळलं, विमानावरून नाही.

तर झालं होतं असं. त्या विमानाला बॅटरी जोडल्यावर जिथे पहिल्यांदा उपग्रह दिसतात, ती जागा ते घर म्हणून धरून ठेवतं. ती जागा आमची केडगावची गच्ची. मध्ये बॅटरी काढली असती तर ते विसरलं असतं. काढली नाही. म्हणून ते घरी निघालं होतं. राजसने विचारलं, 'बॅटरी कुठे जोडली होती?' मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकाशाकडे बघत होते. मी सांगितल्यावर ते कुठे चाललंय हे राजसला कळलं. नगर म्हणजे लष्कर, आणि त्या दिशेने कुंकू लावलेलं विमान एकटंच चाललेलं. (तो म्हणतो, त्याच वेळी हाताने चालवायचा खटका ओढला असता तर ते पुन्हा माझ्या ताब्यात आलं असतं. हे त्याने शिकवलंही होतं. मला त्या वेळी माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.) मग तोच म्हणाला, 'घाट ओलांडण्याइतकी बॅटरीच नाही. अलीकडेच कुठेतरी पडेल.' हे त्याने धीर द्यायला सांगितलं. ते विमान गेलं असतं तर सगळंच गेलं होतं, दादा. दुसरं विमान करायला त्याने काय म्हणून थांबायचं? बडोदा तयार होतंच. मी तिथे उभी राहून रडले, सगळ्या गावासमोर, हातात रिमोट धरून.

सूर्यभान मुकादमांनी मात्र खिशातले दोन्ही मोबाईल काढले. त्यांच्या टोळ्यांचे ट्रक रात्रीबेरात्री निघतात, कुठला ट्रक कुठवर पोचला हे मुकादम एकमेकांना फोनवर विचारत असतात, त्यामुळे त्या रस्त्यावरच्या गावोगाव त्यांचे लोक. त्यांनी ट्रक विचारावा तसंच विमान विचारायला सुरुवात केली. 'वैजनाथ, तुझ्यावरून एक पांढरं इमान गेलं का? व्हय, इमानच. गेलं? कुनीकडं? बरं, ठेव.' मग पुढच्या गावी, 'बजरंगराव, वर बघा जरा. आवो, आभाळात! लई खाली आलंय? बरं, बरं.' आम्ही सगळे गाडीत. पुढे बसून सूर्यभान एकेक गाव सांगत होते आणि राजस त्या दिशेने गाडी पळवत होता. मागे हे मला म्हणाले, 'बघ, मुहूर्त चांगला होता म्हणून तर ते बरोबर घरी निघालं.' मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिसगावच्या अलीकडे एका रानात, बाजरी निघून गेलेल्या धसकटांत ते अलगद उतरलं होतं. बॅटरी संपली आणि ते नुसतं तरंगत खाली आलं, असं राजसचं म्हणणं. ज्यांचं रान, त्या सत्यशीलाबाईंनी ते उचलून ओसरीवर पाटावर ठेवलेलं. स्वस्तिक, अक्षता, झेंडूची माळ बघून त्यांनी वर आणखी हळदकुंकू वाहिलं होतं आणि आपट्याची दोन पानं ठेवली होती. त्या विमान द्यायला तयारच नव्हत्या. म्हणजे भांडण नाही, फार गोड बोलून. 'दसऱ्याच्या दिशी आमच्या दारात आलंय, तसंच कसं जाऊ देऊ?' मग मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. विमान मांडीवर. मला त्या क्षणी समजेना की ओटी माझी भरतायत की विमानाची. राजस घड्याळ बघत उंबऱ्यात उभा होता, तरी त्यालाही चहा घ्यावाच लागला.

आम्ही परतलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि दादा, ते लोक अजून तिथेच होते. कुणी घरी गेलं नव्हतं. बायका चराच्या कडेला बसून भाकरी खात होत्या. राजसने बॅटरी बदलली, डोंगराखालच्या त्या माळावर उभं राहून जोडली, मला वाटलं आता तोच उडवणार. त्याने रिमोट माझ्या हातात दिला. मी म्हटलं, 'अरे, आत्ता एकदा घालवलंय मी.' तो म्हणाला, 'तूच उडव,' आणि खिशात हात घालून बाजूला जाऊन उभा राहिला.

मी उडवलं. कसं, ते मला आजही सांगता यायचं नाही. येताना मांडव, जाताना नकाशा, एवढंच. या वेळी गाव हललं नाही, कारण सूर्यभानांनी सगळ्यांना खाली बसवलं होतं आणि रंगुबाई पहिल्यापासूनच हसत होत्या. डोंगराच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. शेवटी वाऱ्याच्या तोंडाला वळवून, हळूहळू खाली आणत, मी ते राजसच्या पायांपासून थोड्या अंतरावर गवतात उतरवलं. जरासुद्धा उलटलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला आत्ता लिहिताना लक्षात येतं, की एवढ्या वेळात राजसने एकदाही खिशातून हात बाहेर काढला नाही.

फोटो राजसने तिथेच लॅपटॉपवर दाखवले. कुंकवामुळे एका कोपऱ्यात सगळं गुलाबी आलंय, पण डोंगर स्वच्छ आहे. एकाखाली एक चर, सगळ्यांत पाणी, सगळ्यांत आभाळ. सूर्यभानांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. 'ह्ये सगळं आपुन खोदलंय व्हय?' त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. रंगुबाईंनी पडद्यावर बोट ठेवून आपला तुकडा शोधला आणि तो सापडल्यावर बाकी काही बघितलंच नाही. त्यांचे ट्रक दोन दिवसांनी निघणार होते. फोटो शाळेत लागेल तेव्हा त्यातली निम्मी माणसं गावात नसतील, हे माझ्या डोक्यात आलं, पण बोलण्यासारखं नव्हतं.

तर एकूण असं आहे. विमान शाबूत आहे, काम झालं, पुढची दोन कामं घेतली आहेत आणि दुसरं माणूस (म्हणजे मी) तयार आहे. तेव्हा तुझ्या मित्राला आमचे आभार सांग आणि राजसचं इथे उत्तम चाललं आहे असंही सांग. दिवाळीचा फराळ पाठवते. चकल्या वहिनींच्या, चिवडा तुझा, लाडवांकडे तू बघायचं नाहीस.

तुझी,
विजू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. राजस आठ-दहा दिवसांत तुला फोन करणार आहे, असं मला त्याच्या बोलण्यावरून वाटतं. केलाच, तर ती जागा भरली गेली म्हणून सांग. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे आधी लिहून कळवते आहे, म्हणजे तुला सराव करता येईल. फोन वहिनींकडे देऊ नकोस.

ता. क. २. सोमवार. पाकीट चिकटवायचं होतं तेवढ्यात राजस स्वयंपाकघरात आला म्हणून हे उघडं राहिलं. बरं झालं. वरचं ता. क. वाचू नकोस, वाचलं असशील तर विसर. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, 'आई, मामाला हो म्हणून सांगतोय. इतके दिवस तू आणि बाबा इथे एकटे काय कराल, हेच कळत नव्हतं. विमान घरात पडून राहील असं वाटायचं. पण परवा तू उडवलंस ते बघितलं आणि ठरवलं. आता तुला येतं. बाबांना चुना मारायला घे, मी सुट्टीत येत जाईन.' इतका मोकळा हसला, दादा, कित्येक महिन्यांत असा हसला नव्हता. मी 'बरं' म्हणाले. तव्यावरची पोळी करपली तरी मी 'बरं'च म्हणत होते.

तेव्हा जागा भरू देऊ नकोस. त्याला गोड वरण चालतं, मीच उगाच लिहिलं होतं. आणि मी त्याला इथे ठेवून घ्यायला शिकले, त्याला मोकळं करायला नव्हे, हे त्याला कधीच सांगू नकोस. फक्त एवढं मला कळव, तू मोठा आहेस म्हणून विचारते. त्या डोंगराखाली एवढ्या बाभळी होत्या, मला त्या दिवशी ते विमान इतकं नीट उतरवायची काय गरज होती?